रंगाखालचा पत्रा

जुन्या मोटारींचे प्रदर्शन भरले की माणसे गाडीभोवती फिरतात. गाडीखाली कुणी डोकावत नाही. ते स्वाभाविकही आहे. रविवारी सकाळी मुलाबाळांना घेऊन आलेला गृहस्थ जमिनीवर आडवा होऊन गाडीच्या पोटाकडे पाहू लागला, तर बायकामुले ओळख न दाखवता पुढे निघून जातील. तेव्हा आपण चकचकीत बंपर पाहतो, गोल दिवे पाहतो, आरशासारख्या रंगात स्वतःचा चेहरा पाहून घेतो आणि ‘काय ठेवलीय गाडी!’ असे म्हणून पुढच्या गाडीकडे सरकतो. गाडी खरोखर कशी ‘ठेवली’ आहे याचा निवाडा जिथे होतो ती जागा मात्र उभ्याने दिसत नाही. ती असते मागच्या चाकाच्या थोडी पुढे, मागच्या सीटच्या खाली, चिखलाने माखलेली, जेमतेम तळहाताएवढी. गाडीचा पाटा तिथे एका बोल्टाने गाडीच्या सांगाड्याला जोडलेला असतो.

या तळहाताएवढ्या जागेविषयी एवढे लिहिण्यासारखे काय आहे, असे कुणी विचारील. माझे म्हणणे असे की, जुन्या गाडीवर करायचा पहिला खर्च तिथे करावा, रंगावर नंतर. आणि तिथली दुरुस्ती झाकून न ठेवता उघडपणे करता येईल अशी सोय आपल्या नियमांतही असावी. आज या दोन्ही गोष्टी नेमक्या उलट चालल्या आहेत.

मी बोलतो आहे ते आपल्या फियाटबद्दल. ‘आपल्या’ म्हणायचे कारण, ही गाडी जन्माने इटलीची असली तरी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून बाहेर पडता पडता ती इथलीच झाली. १९६४ साली ती ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून आली, १९७२ मध्ये ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’. कागदावर नावे बदलत गेली, लोकांनी मात्र शेवटपर्यंत तिला फियाटच म्हटले. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत ऑक्टोबर २००३ च्या अखेरीस नोंदली गेली होती. त्यामुळे ऑक्टोबर २०२३ संपता संपता काळ्या-पिवळ्या पद्मिनीने रस्ता सोडला. त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून तिच्यावर बरेच हळवे लेख आले. आता उरल्या त्या खासगी गाड्या. कुणाच्या वाड्याच्या चौकात, कुणाच्या इमारतीखाली ताडपत्री पांघरून उभ्या असलेल्या. आमच्या घरी तशी एक आहे, १९७३ ची, सासऱ्यांकडून आलेली, स्टीअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेली. डिलाइट आणि प्रेसिडेंट यांनी पन्नाशी ओलांडली आहे, पहिल्या पद्मिनीही आता त्याच रांगेत येऊन उभ्या आहेत. साहजिकच त्या पुन्हा बाहेर निघू लागल्या आहेत, रंग लावून, नातवाच्या लग्नात फुलांच्या माळा घालून.

इथे थोडे तंत्रात शिरणे भाग आहे. जीप किंवा ट्रक घेतला तर त्याला खरीखुरी चासी असते: शिडीसारखी, दोन लांब जाड लोखंडी दांडे आणि त्यांना जोडणारे आडवे. वरचा सांगाडा उचलून बाजूला ठेवला तरी खालची शिडी चाकांवर उभी राहते. फियाटला अशी वेगळी चासी नाही. आपण सवयीने ‘चासी’ म्हणतो, पण तिचा तळ, दारांखालच्या पेट्या, मागची चाकांवरची कमान, हे सगळे मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या पत्र्याचे असून ठिकठिकाणी डाग देऊन एकमेकांना जोडलेले आहे. ताकद पत्र्याच्या जाडीत नसते, त्याच्या बंद पेटीत असते. काडेपेटीचे बाहेरचे कव्हर हातात घेऊन पाहा. पुठ्ठा पातळ, पण चारही बाजू बंद आहेत तोवर पिळू म्हटले तरी पिळत नाही. एक कड ब्लेडने चिरा. लगेच लुळे पडते. फियाटच्या पोटाखालची पेटी एका कडेने सडली की नेमके हेच होते, फक्त ते काडेपेटीइतके लवकर दिसत नाही.

आता तो बोल्ट. मागच्या आसाला दोन्ही बाजूंना पाटे असतात. पाट्याचे मागचे टोक शॅकलवर झुलते, कारण खड्ड्यात पाटा सपाट झाला की त्याची लांबी वाढते आणि त्या वाढीला कुठेतरी जागा हवी. पुढचे टोक मात्र पक्के. पाट्याचा वळवलेला डोळा, त्यात रबरी बुश, त्यातून बोल्ट आणि तो बोल्ट धरणारी पेटी. बहुतेकांची समजूत अशी असते की, पाटा म्हणजे हादरे शोषणारी वस्तू. ते अर्धेच खरे. या गाड्यांत मागच्या आसाला जागेवर धरून ठेवण्याचे कामही पाटेच करतात. इंजिनाची शक्ती मागच्या चाकांत जाते, चाके रस्ता मागे ढकलतात आणि नऊशे किलोंच्या आसपासची गाडी, त्यात बसलेली चार-पाच माणसे, टपावरच्या बॅगा, हे सारे पुढे सरकते ते मुख्यतः पाट्यांच्या त्या दोन पुढच्या डोळ्यांतून. ब्रेक दाबला की तोच जोर उलट दिशेने तिथेच येतो. घाट चढताना एक ओढ, उतरताना दुसरी, आणि अशी पन्नास वर्षे.

ही जागा सडते त्याला कारणेही आहेत. चाकाने उडवलेला चिखल सरळ तिच्यावर येतो. दोन-तीन पत्रे तिथे एकमेकांवर आलेले असतात, त्यांच्या फटीत ओल धरून राहते. पेटीला खाली पाणी जायला भोक ठेवलेले असते ते चिखलाने बुजते. भर पावसाळ्यात चार महिने पाणी आत आणि कोकणात, मुंबईत खारी हवा बाहेर. पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरचा रंग शाबूत दिसतो. वाड्यांच्या तुळया कुठे कुजतात हे जुन्या सुतारांना विचारा. तुळईचे दिसणारे अंग ठणठणीत असते आणि भिंतीत गेलेले टोक, ज्यावर सगळा भार, ते भुसा झालेले असते. तीच गत इथे.

गाडी सूचना देते, पण फार हळू आवाजात. क्लच सोडताना मागून एक ‘टक्’ येतो, उलट्या गिअरमध्ये टाकताना पुन्हा येतो. एका कोपऱ्यात गाडी किंचित बसलेली वाटते. सरळ रस्त्यावर स्टीअरिंग थोडे एका बाजूला धरून ठेवावे लागते, कारण एका बाजूने आस बोटभर मागे सरकलेला असतो आणि गाडी मागच्या चाकांनीही वळू पाहत असते. यातल्या प्रत्येक लक्षणावर आपल्याकडे ठरलेली उत्तरे आहेत: बुश बदला, अलाइनमेंट करून घ्या, ‘जुनी गाडी आहे, एवढे चालायचेच’. हे शेवटचे उत्तर मला सर्वांत धोक्याचे वाटते. मागच्या सीटवर आपली आई बसलेली असते.

आमच्या गाडीखाली गेल्या वर्षी आमचे मिस्त्री गेले ते एक लहान हातोडी आणि टोकदार स्क्रूड्रायव्हर घेऊन. हातोडी पत्र्यावर मारत ते पुढून मागे आले. पत्रा चांगला असला की ‘टण्’ वाजतो. सडका असला की ‘बद्द’. उजव्या पाट्याच्या पुढच्या टोकापाशी आवाज बद्द झाला. काळा डांबरी लेप खरवडला, त्याखाली पुट्टी निघाली, पुट्टीखाली जाळी आणि जाळीखाली एक पत्र्याचा तुकडा, ज्याच्या आतल्या बाजूवर तेलाच्या डब्यावरची निळी अक्षरे अजून वाचता येत होती. कोण्या एका जुन्या गॅरेजने कधीकाळी हे काम केले होते आणि त्याचे पैसेही घेतले असणार. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. मिस्त्री बाहेर आले आणि म्हणाले, “साहेब, हे भोक नाही, खड्डा आहे. रंग मी कधीही मारून देतो. आधी सांगा, गाडी फिरवायचीय का नुसती ठेवायचीय?”

मला हा प्रश्न फार योग्य वाटला. नुसती ठेवायची असेल तर पुट्टी चालते. फिरवायची असेल तर पत्रा लागतो.

दुरुस्तीला चार दिवस लागले, त्यातले अडीच दिवस वेल्डिंगची ठिणगीही उडाली नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याला वाटते काम म्हणजे वेल्डिंग. बॅटरी सोडवली, पेट्रोलची टाकी उतरवून लांब नेऊन ठेवली, सीट आणि गालिचे काढले. मग गाडी घोड्यांवर चढवली, तीही अशा ठिकाणी टेकवून की मधे झोळ पडू नये. आणि दारांच्या चौकटींत लोखंडी अँगलचे तात्पुरते टेकू दिले. काडेपेटीची कड कापायची तर आधी ती पिळणार नाही याची तजवीज हवी. त्यानंतर मिस्त्रींनी पिशवीतून काढला तो गवंड्याचा ओळंबा. गाडीच्या पोटाखालच्या ठरावीक बोल्टांपासून ओळंबा सोडायचा, जिथे टोक येईल तिथे फरशीवर खडूने फुली मारायची. आठ-दहा फुल्या झाल्या की गाडी वर आणि तिचा नकाशा खाली. मग त्या नकाशाचे कर्ण टेपने मोजायचे. डावीकडून उजवीकडचा कर्ण आणि उजवीकडून डावीकडचा कर्ण सारखे यायला हवेत. फियाटच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतले अंतर २३४० मिलिमीटर. आमच्या गाडीचे डावीकडचे अंतर तेवढे भरले. उजवीकडे अकरा मिलिमीटर जास्त. स्टीअरिंग का ओढत होते ते एवढ्यात कळले.

अशा कामासाठी आता मोठ्या कार्यशाळांत लेसरची यंत्रे आहेत. पण ओळंबा, खडू आणि टेप यांनी काढलेला कर्णही तितकाच प्रामाणिक असतो, आणि तो मालकाला आपल्या डोळ्यांनी बघता येतो.

मग कापणे. सडलेला पत्रा जिथे संपतो तिथे थांबायचे नसते. चकचकीत, निरोगी लोखंड लागेपर्यंत मागे जायचे. गंजावर वेल्डिंग धरत नाही, धरल्यासारखे दिसते. आमची तळहाताएवढी जागा कापता कापता वहीच्या पानाएवढी झाली. तिथे बसवायचा तुकडा नवीन पत्र्यातून, मूळच्याच जाडीचा, वळवून, कोपरे गोल ठेवून केला. तुकडा मोडीतल्या गाडीचा का आणला नाही, असे मी विचारले. कुर्ल्यात फियाटचे दार मिळते, दिवा मिळतो, मीटरची काच मिळते. मिस्त्री हसले. माझी गाडी जिथे सडली तिथेच बाकीच्या सगळ्या फियाट सडल्या आहेत. तो भाग मोडीत चांगला मिळतच नाही.

जाडीवरून आमचा थोडा वाद झाला. सामान्य माणसाप्रमाणे माझे मत असे की, आता उघडलेच आहे तर पाच मिलिमीटरची पट्टी ठोकून टाकावी, पुन्हा बघायला नको. आपल्याकडे ‘मजबूत’ या शब्दाचा अर्थच जाड असा आहे. मिस्त्रींनी एक कागद घेतला, त्याच्या मधोमध एक जुना पुठ्ठा चिकटवला आणि कागद वरखाली हलवायला सांगितले. पाच मिनिटांत कागद फाटला, पुठ्ठ्याच्या बरोबर कडेला. पातळ पत्रा प्रत्येक खड्ड्यात थोडासा लवतो आणि लवूनच टिकतो. त्यावर मधेच जाड पट्टी आली की पट्टी लवत नाही. सगळे लवणे तिच्या कडेला गोळा होते आणि चीर तिथे जाते. पट्टी शाबूत राहते, तिच्याशेजारची गाडी फाटते. रस्त्यावर पूर्वी मारलेल्या कित्येक ‘मजबूत’ कामांचा शेवट असा झालेला असतो. जीपच्या जाड चासीला चीर गेली तरीही हाच विचार लागतो: आधी चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडायचे, म्हणजे ती पुढे पळत नाही, मग खाच करून भरायचे, आणि वरून पट्टी द्यायचीच असेल तर तिची टोके निमुळती ठेवायची, आडवी छाटायची नाहीत.

बोल्टाच्या भोकाची गोष्ट वेगळी. वर्षानुवर्षे ढिल्या बोल्टाने ते लांबट झाले होते. अशा वेळी मोठे भोक पाडून जाड बोल्ट घालणे हा सर्रास चालणारा उपाय. त्याने ढिलेपणा काही महिने थांबतो, पण भोकाभोवतीचा उरलासुरला पत्राही जातो. शिवाय पोकळ पेटीत नुसता बोल्ट आवळला की पेटीच दबते, बोल्ट पुन्हा ढिला होतो. तेव्हा पेटीच्या आरपार एक लोखंडी नळी बसवून ती दोन्ही बाजूंना वेल्ड करतात. बोल्ट त्या नळीतून जातो, आवळण्याचा जोर नळी घेते आणि पत्रा सुटतो. नळी पक्की करण्याआधी पाटा तात्पुरता बसवून, आस जागेवर आणून, पुन्हा एकदा २३४० मोजले. एका डागावर सारे तोलून धरले होते. मोजमाप बरोबर आले तेव्हाच बाकीचे डाग दिले.

वेल्डिंग सीओटूचे, छोटे छोटे टाके घालून, एक इकडे एक तिकडे, मधे थंड होऊ देत. गॅसने केले तर उष्णता पसरून पत्रा पोहतो; साध्या आर्कने पातळ पत्र्याला भोके पडतात. पत्र्यांच्या जोडात जस्ताचा प्रायमर आधीच लावला होता. शेवटी पेटीच्या आत पातळ मेण फवारले आणि पाणी निघायचे भोक तारेने साफ केले. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी गाडीच्या पोटाला काळे ऑइल मारायची पद्धत होती. दिसायला घाण; पण फटीत शिरून तिथे राहत असल्याने ते त्या डांबरी लेपापेक्षा बरे, जो वर सुंदर दिसतो आणि सुटला की त्याच्याआड पाणी साठवून ठेवतो.

आणि एक शेवटची बारीक गोष्ट, जी दहातल्या आठ ठिकाणी होत नाही. पाट्याचा बोल्ट गाडी घोड्यांवर असताना पूर्ण आवळायचा नसतो. त्या वेळी चाके लोंबत असतात. तसाच आवळला तर गाडी खाली आल्यावर आतला रबरी बुश कायमचा पिळलेला राहतो आणि वर्षभरात फाटतो. गाडी जमिनीवर आणायची, मागच्या सीटवर दोन माणसे बसवायची, मग खाली जाऊन आवळायचे. आमच्याकडे ती दोन माणसे म्हणजे मी आणि समोरचा चहावाला.

या सगळ्याचा खर्च रंगाच्या निम्माही आला नाही. तरीही हौशी मालकांत मी पाहतो तो क्रम उलटा आहे. आधी रंग, मग सीटकव्हर, मग क्रोम, आणि पोटाखालचे ‘पुढच्या वर्षी’. याला एकटे मालक जबाबदार नाहीत. रंगाचे कौतुक होते, फोटो निघतात, विकताना भाव येतो. ओळंब्याने मोजलेल्या कर्णाचे कौतुक कोण करणार? वेल्डरच्या बिलावर तर एकच ओळ असते, ‘किरकोळ वेल्डिंग काम’. चार दिवसांची अक्कल ‘किरकोळ’ या शब्दात मावते.

पण नियमांचे काय? जुलै २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम आणले. वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, पाटीवर ‘व्हीए’ अशी खास अक्षरे. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला मनाई, प्रदर्शन आणि रॅलीला परवानगी. हे स्वागतार्हच होते. अट अशी की, गाडी मूळ स्वरूपात जपलेली हवी आणि तिच्यात ‘सबस्टॅन्शियल ओव्हरहॉल’ झालेला नसावा. हेतू समजण्यासारखा आहे. एका जुन्या नंबरावर नव्या पत्र्याची गाडी उभी करून ती पुरातन म्हणून खपवणारे लोक आहेत, आणि त्यांना आवर घालायलाच हवा. पण पन्नास पावसाळे खाल्लेल्या पत्र्याच्या पेटीत एकही तुकडा बदललेला नसेल, तर दोनच शक्यता आहेत: गाडी बंद खोलीत होती, किंवा ती चालवण्यालायक नाही. पाट्याची जागा कापून नवी केली हा ओव्हरहॉल की दुरुस्ती? शब्दावर बोट ठेवणारा एखादा अधिकारी ताज्या वेल्डिंगकडे पाहून नकार देऊ शकतो. आणि शेजारच्या गाडीखाली डांबराआड तेलाचा डबा लपलेला असताना तिला होकार मिळू शकतो. तपासणीत चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेतात. नंबर खरा आहे हे त्यातून कळते, तो नंबर ज्या पत्र्यावर आहे त्याच्या शेजारचा पत्रा उरला आहे का, हे कळत नाही.

असा नियम प्रामाणिक माणसालाही लपवायला शिकवतो. मंत्रालयाने एवढेच स्पष्ट करावे: मूळ जागी, मूळ आकारात, मूळ जाडीच्या पत्र्याने केलेली जोडबिंदूची दुरुस्ती ओव्हरहॉल मानली जाणार नाही, मात्र नंबर असलेल्या भागाला हात लावलेला नसावा आणि कामाआधीचे, कापल्यानंतरचे आणि पूर्ण झाल्यानंतरचे फोटो मोजमापांसह सादर करावेत. फोटो काढायला आज खर्च येत नाही. उलट ज्याच्याकडे असे फोटो आहेत त्याची गाडी अधिक विश्वासाची मानावी. घर विकत घेताना आपण गळती कुठे होती आणि कशी काढली हे विचारतोच ना?

आमच्या बिलावर मी आग्रहाने सविस्तर लिहून घेतले. मिस्त्रींना त्याची थोडी गंमत वाटली. पण त्यांनी पत्र्याची जाडी, नळीचे माप, आधीचे अकरा मिलिमीटर आणि नंतरचे शून्य, सगळे स्वच्छ अक्षरात लिहिले, खाली सही केली, आणि ‘किरकोळ’ हा शब्द स्वतःच खोडला. तो कागद आणि सतरा फोटो आता आरसी बुकाच्या पाकिटात आहेत. डाव्या बाजूचे काम पावसाळ्यापूर्वी काढायचे आहे. स्क्रूड्रायव्हर तिथे अजून आत जात नाही, पण आवाज बद्द येऊ लागला आहे.